नऊ गुणांचा सिगार

१

"पेटवू नकोस, धम्मदीप!" मी ओरडलो, पण तोवर उशीर झाला होता.

धम्मदीपने दोन नंबरच्या सिगारचा पहिला झुरका घेतला आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. सिगार ॲशट्रेमध्ये टाकून, तोंडावर रुमाल धरून तो आतल्या बेसिनकडे पळाला. मी माझ्या हातातला, न पेटवलेला सिगार पुन्हा एकदा नाकाशी नेला. शंकाच नको. डांबरगोळी! कपड्यांच्या कपाटात टाकतात ती पांढरी डांबरगोळी, आणि तीही चांगली भरपूर.

मी गोपाळकृष्ण भागवत, राहणार तळेगाव. तीस वर्षं निपाणीला एका तंबाखू व्यापाऱ्याकडे मालाची प्रत ठरवायचं काम केलं. पोत्यात हात घालायचा, पान चुरगळायचं, वास घ्यायचा आणि भाव बोलायचा. दोन वर्षांपूर्वी बायपास झाली आणि डॉक्टरांनी धूर बंद केला, पण नाक अजून माझंच आहे. त्या नाकाच्या भरवशावरच मला सिगारचा परीक्षक म्हणून बोलावलं होतं. पेटवायचं आणि ओढायचं काम धम्मदीप ओव्हाळकडे. हा वडगावचा मुलगा लोणावळ्याच्या एका मोठ्या हॉटेलात मॅनेजर आहे. हॉटेलच्या लाउंजमध्ये हाताने वळलेला एकच देशी सिगार ठेवायचा होता आणि दोन सिगारांमधून तो आज निवडायचा होता.

जागा होती मळवलीतला पद्मजावहिनींचा बंगला. वहिनी म्हणजे माझ्या दिवंगत मित्राची बायको. त्यांचा मुलगा शार्दूल याने सगळा घाट घातला होता. अट धम्मदीपची होती: दोन्ही सिगार बंगल्यातल्या एकाच कपाटात शुक्रवार संध्याकाळपासून रविवारपर्यंत ठेवायचे. श्रावणात मावळची हवा म्हणजे ओलं फडकंच. त्या हवेत जो सिगार टिकेल तोच हॉटेलच्या कामाचा.

एक नंबरचे सहा सिगार शार्दूलने आतून ताटलीत छान मांडून आणले होते. मी एक हातात घेतला, दाबून पाहिला, कानाशी धरून बोटांत फिरवला. कुरकुर आवाज आला. दोन दिवस या हवेत राहूनही कोरडा! वासाला स्वच्छ, गोडसर, मागून थोडी मिरी. धम्मदीपने तो चाळीस मिनिटं ओढला. राख बोटभर लांब होईपर्यंत पडली नाही. टिकाऊपणाला मी दहापैकी नऊ गुण दिले आणि स्वतःवर खूश झालो. मग दोन नंबरची पेटी शार्दूलने तशीच आमच्यापुढे ठेवली. "ही तुम्हीच उघडा, काका," म्हणाला.

आणि आता हे असं.

व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला बसलेली आसावरी धावत आली. दोन नंबर तिचा होता. तळेगावची ही मुलगी, चांगली नोकरी सोडून आठ महिने तंबाखूच्या पानांत डोकं घालून बसली होती. तिने एक सिगार हुंगला आणि ती मटकन खालीच बसली.

"कुणी केलं हे?" ती म्हणाली. "काका, कुणी केलं?"

"कोण करणार?" शार्दूल शांतपणे म्हणाला. "कपाटाची किल्ली कुणाकडे असते? सीतारामला बोलवा."

२

सीताराम हा बंगल्याचा राखणदार. बावीस वर्षं तो आणि त्याची बायको अंबूबाई आवारातल्या दोन खोल्यांत राहतात. बागेतलं पान हललं तरी त्याला कळतं, असं माझा मित्र म्हणायचा.

आम्ही सगळे आतल्या खोलीत गेलो. शार्दूलने कपाट उघडलं, तिसऱ्या फळीवरच्या चादरींच्या मागे हात घातला आणि तीन डांबरगोळ्या काढून तळहातावर धरल्या.

"आई, बघ. किती वर्षं सांगतोय याला, सगळं घर डांबरगोळ्यांनी भरून ठेवू नकोस. कपाटात बाहेरचा माल आहे हे शुक्रवारी याला बजावलं होतं. आसावरी, बजावलं होतं ना?"

"मी स्वतः सांगितलं होतं," आसावरी रडवेल्या आवाजात म्हणाली. "पेट्यांना हात लावू नका म्हणून."

पद्मजावहिनी दारात उभ्या होत्या. पंचाहत्तरीच्या, काठी टेकत. आज सकाळीच शार्दूलबरोबर पुण्याहून आल्या होत्या. "सीताराम," त्या म्हणाल्या, "तू टाकल्यास का या गोळ्या?"

सीतारामने आधी त्या गोळ्यांकडे पाहिलं, मग शार्दूलकडे, मग वहिनींकडे. त्याचे ओठ दोनदा हलले.

"माझ्या हातनं झालं, बाई," तो म्हणाला. "मीच टाकल्या. आमी जातो हितनं."

वहिनींनी डोळे मिटून घेतले. मला तर कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. अरे, चूक झाली तर माणूस माफी मागेल, कारण सांगेल, गयावया करेल. हा थेट घर सोडून निघाला!

"जातो काय, आजच जायचं," शार्दूल म्हणाला. "कामशेतहून टेम्पो मागवतो. चारपर्यंत खोल्या रिकाम्या हव्यात. आणि आई, आता मध्ये पडू नकोस. तूच म्हणाली होतीस, सीतारामने विश्वास मोडला तर गोष्ट वेगळी."

"म्हणाले होते," वहिनी हळूच म्हणाल्या.

मला राहवलं नाही. "वहिनी, चार वाजायला अजून चार तास आहेत," मी म्हटलं. "तोवर मला जरा चौकशी करू द्या. परीक्षक म्हणून माझा तेवढा हक्क आहे."

"काका, त्याने कबूल केलंय!" शार्दूल हसला. "आता कसली चौकशी?"

"बाबा रे, मी म्हातारा माणूस. मला उगाच नाक खुपसायची खोड आहे. मोडता घालू नकोस."

वहिनींनी मान हलवली. "करा गोपाळराव. पण मला खोटं समाधान नको. असेल ते सांगा."

बाहेर पडताना मी दोन नंबरचा एक सिगार खिशात टाकला. डांबरगोळीच्या खाली अजून एक वास होता. ओळखीचा, घरातला, लहान मुलांच्या अंगाला येतो तसा. नाव मात्र काही केल्या आठवेना, आणि आठवत नाही म्हणून माझी चिडचिड होत होती.

३

पहिला धरला रुचिरला. एक नंबरचा सिगार त्याचा. तिशीतला पोरगा, मुंबईत वाढलेला, आज परीक्षकांवर छाप पाडायला म्हणून ऐन पावसात कोट घालून आला होता. मी त्याच्या शेजारी बसलो आणि मला धक्काच बसला.

त्याच्या कोटाला डांबरगोळीचा वास येत होता!

"कोट छान आहे," मी म्हटलं. "कुणाचा?"

"बाबांचा. आईने काल कपाटातून काढून दिला." मग माझा रोख त्याच्या लक्षात आला आणि तो ताडकन उभा राहिला. "काका, तुम्हाला काय वाटतं, मी आसावरीचा माल बिघडवला? अहो, मला गरजच काय? तुम्ही माझ्या सिगारला नऊ दिलेत!"

"शुक्रवारी पेटी ठेवून कधी गेलास?"

"सहाच्या लोकलने. आसावरी आणि मी एकत्रच स्टेशनवर गेलो. किल्ली सीतारामभाऊंनी लावली, आमच्या समोर. आज साडेदहाला आलो, तर तुम्ही माझाच सिगार हातात घेऊन बसला होतात."

आसावरीला विचारलं. तिने तेच सांगितलं, आणि वर म्हणाली, "रुचिर असं करणार नाही हो. आम्ही भांडतो, पण पान घ्यायला एकत्र जातो." म्हणजे रुचिर सुटला. तो नुसता कोटामुळे अडकला होता. कपाटाला तो शुक्रवारनंतर शिवलेलाच नव्हता.

"शुक्रवारी रात्री बंगल्यात कोण होतं?" मी विचारलं.

"शार्दूलदादा. शनिवारी सकाळी ते पुण्याला गेले असतील. दुसरी किल्ली त्यांच्याकडे असते. पण त्यांचं काय? ते तर माझ्यासाठी सुद्धा एवढं करतात."

"आणि रुचिरसाठी?"

आसावरी जरा घुटमळली. "रुचिरच्या धंद्यात त्यांची भागीदारी आहे. ते सगळ्यांना माहीत आहे, काका. म्हणून तर ते परीक्षक झाले नाहीत."

मी उठलो. पण म्हणून काय झालं? भागीदारी असली तरी सीतारामने कबुली दिली होती, आणि कपाटात गोळ्या सापडल्या होत्या. शार्दूलला मी चड्डीत पाहिलेला. मित्राच्या पोरावर असा संशय घ्यायचा म्हणजे माझीच मला लाज वाटली.

व्हरांड्यात धम्मदीप लिंबूपाणी पीत बसला होता. तोंड अजून वाकडं.

"सर, एक कळत नाही," तो म्हणाला. "दोन्ही पेट्या एकाच कपाटात, एकाच फळीवर. दोन नंबरचे सिगार डांबरगोळीने मेले. मग एक नंबरचे जिवंत कसे राहिले?"

मी जागच्या जागी थांबलो. तंबाखू ही दह्यासारखी. शेजारी जे ठेवाल त्याचा वास धरते. निपाणीच्या गोदामात गजरा माळून आलेल्या बायकांना मालक दारातच थांबवायचे. हे मी तीस वर्षं पाहिलं, आणि आज सकाळी, भर उजेडात, साफ विसरलो.

४

मी सीतारामच्या खोल्यांकडे निघालो. दाराशी दोन ट्रंका, एक बोचकं आणि पितळी हंडा. अंबूबाई भांडी पोत्यात भरत होती आणि गुडघा धरून उठत-बसत होती.

"कुठे जाणार?" मी विचारलं.

"कुटं जानार? आंदर मावळात, ह्यांच्या भावाकडं. यष्टी गावाच्या अलीकडं दीड कोसावर सोडती. माझा गुडघा ह्यो असा. घरात तितं जागा न्हाई, गोठ्याच्या बाजूला पत्रा टाकू म्हनतात." ती पदराने डोळे पुसत म्हणाली, "भाऊ, ह्यांनी गोळ्या टाकल्याच न्हाईत! देवाशपथ सांगते."

"कपाटात सापडल्या, अंबूबाई."

"आवं, तीन वर्सं झाली आमी गोळ्या आनल्याच न्हाईत. बाई एकदा हितं रातभर खोकल्या, दम लागला. तवापासनं ह्यांनी गोळ्या बंद केल्या. बाईंना कळू बी दिलं न्हाई, उगं वाईट वाटंल म्हनून. आता आमी धुरी देतो. दर शनवारी, बाई नसताना."

"कसली धुरी?"

"बाळाला देत्यात ना, तीच. घमेल्यात निखारं, वर कडुनिंब, ओवा, लसनाची सालं. बाळाचं अंग कोरडं ऱ्हातं तसं कपाट कोरडं ऱ्हातं. बुरशी येत न्हाई."

ओवा! मी खिशातला सिगार काढून हुंगला. वर डांबरगोळी आणि खाली ओव्याचा, कडुनिंबाचा जळका धूर. सकाळपासून जो वास मला छळत होता तो हाच. मी एवढ्या जोरात मांडीवर थाप मारली की अंबूबाई दचकली.

"काल संध्याकाळी दिली होती धुरी?"

"दिली की. दिवेलागनीला. ह्यांनी कपाट उघडलं तर डांबरगोळ्यांचा ह्यो वास! म्हनले, शार्दूलदादांनी ठिवल्या असतील, तर आपून कशा हालवायच्या? पन पाव्हन्यांचा माल बिघडंल म्हनून पेट्यांची झाकनं उघडून चांगली दोनदा धुरी दिली. मी घमेलं धरून दारात उभी व्हते. घरी आलं तवापासनं ह्यांचं चित्त ठिकानावर न्हाई. रातीला जेवलं बी न्हाईत. मी इचारलं तर म्हनले, काय न्हाई, तू झोप."

"झाकणं दोन्ही पेट्यांची उघडली?"

"व्हय, दोनी."

मी तिथून जवळजवळ पळतच बंगल्यात आलो. बायपास झालेल्या माणसाने पळू नये, पण सांगणार कोण? एक नंबरची रिकामी पेटी आतल्या टेबलावर पडली होती. मी आत नाक घातलं. डांबरगोळी. ओवा. कडुनिंब. लाकडाने सगळं पिऊन ठेवलं होतं. मग ताटलीत उरलेल्या एक नंबरच्या पाच सिगारांपैकी एक उचलला.

स्वच्छ. गोडसर, मागून थोडी मिरी. आणि कानाशी फिरवला तर कुरकुर वाजणारा. मी ज्याला नऊ गुण दिले होते तो सिगार मावळच्या हवेत दोन दिवस राहिलाच नव्हता. तो कुठेतरी पुण्यात, एसीत, सुखात होता. मूर्ख! मी स्वतःलाच शिवी हासडली.

घड्याळात तीन वाजले होते, आणि फाटकाशी टेम्पोचा हॉर्न वाजला. पठ्ठ्या तासभर आधीच आला होता.

५

सीताराम मागच्या हौदाशी बसला होता. मी त्याच्या शेजारी कठड्यावर बसलो.

"सीताराम, काल संध्याकाळी तू झाकणं उघडलीस तेव्हा एक पेटी रिकामी होती."

पावसाचं पाणी त्याच्या टोपीवरून कानामागे ओघळत होतं.

"तुला वाटलं चोरी झाली आणि आळ तुझ्यावर येणार. रात्रभर झोपला नसशील. आणि आज सकाळी शार्दूलने तीच रिकामी पेटी तुझ्यासमोर कपाटातून काढली आणि भरलेली ताटली बाहेर आणली. तेव्हा तुला सगळं कळलं. कपाटातून गोळ्या काढताना त्याचा हात थेट चादरींमागे गेला, हे तूही पाहिलंस, मीही पाहिलं. मी मात्र गाढवासारखा बघत राहिलो. खरं की नाही?"

"साहेब, हात जोडतो," तो म्हणाला. "सोडून द्या."

"सोडून द्या? अरे, बावीस वर्षांचं घर चाललंय तुझं! शार्दूलला हा बंगला विकायचा आहे हे वहिनींकडून मला कळलंय, तुलाही माहीत आहे ना?"

"म्हाईत हाय. दोन वर्सं मागं लागलाय बाईंच्या. थोरले साहेब जाताना बोलले व्हते, सीताराम हाय तवर बंगला इकायचा न्हाई. बाईंनी त्यो शब्द धरून ठिवला."

"म्हणजे तू गुन्हेगार ठरलास की शब्द मोकळा. आणि वर भागीदारीतला सिगारही जिंकला. कळतंय ना तुला सगळं? मग गप्प का बसलास? न खाल्लेलं शेण अंगावर का घेतलंस?"

सीतारामने माझ्याकडे पाहिलं. त्याचे डोळे लाल झाले होते, पण आवाज शांत होता.

"बाईंना येकच ल्योक हाय, साहेब. मला दुसरं घर मिळंल. बाईंना ह्या वयात दुसरा ल्योक कुटनं मिळायचा?"

मला त्याचा राग आला, भयंकर राग, आणि त्याच वेळी त्याच्या पाया पडावंसं वाटलं. तिकडे टेम्पोचा ड्रायव्हर ट्रंका उचलायला लागला होता.

"अंबूबाईला विचारलंस का?" मी म्हटलं. "तिच्या गुडघ्याला विचारलंस? तुझा मोठेपणा ती गोठ्याशेजारी पत्र्याखाली भोगणार, होय ना?"

त्याने मान खाली घातली. मी उठलो.

"वहिनींनी मला सांगितलंय, असेल ते सांगा. मी सांगणार. तुला नाही बोलायचं, नको बोलूस."

"साहेब!" तो मागून म्हणाला, पण मी थांबलो नाही.

६

व्हरांड्यात सगळ्यांना बसवलं. शार्दूल घड्याळ बघत उभाच होता. टेम्पोत एक ट्रंक चढली होती. अंबूबाई पायरीवर बोचकं मांडीत घेऊन बसली होती आणि सीताराम खांबाआड उभा होता.

मी टेबलावर तीन वस्तू ठेवल्या. दोन नंबरचा सिगार, एक नंबरचा सिगार आणि एक नंबरची रिकामी पेटी.

"वहिनी, भाषण देत नाही," मी म्हटलं. "काल संध्याकाळी सीतारामने या कपाटाला आणि झाकणं उघडून दोन्ही पेट्यांना ओव्याची धुरी दिली. अंबूबाई घमेलं धरून उभी होती. तुम्हाला दम लागतो म्हणून डांबरगोळ्या तर त्याने तीन वर्षांपूर्वीच बंद केल्यात. आता तुम्ही फक्त वास घ्या."

वहिनींनी आधी दोन नंबरचा सिगार घेतला. नाक मुरडलं. "डांबरगोळी. आणि ओवा."

मग पेटी. "यातही तेच."

मग एक नंबरचा सिगार. तो त्यांनी बराच वेळ नाकाशी धरला.

"याला कसलाच वास नाही," त्या म्हणाल्या. "तंबाखूशिवाय."

"धुरी दिली तेव्हा हा सिगार या पेटीत नव्हता," मी म्हटलं. "पेटी रिकामी होती. शुक्रवारी रात्रीच कुणीतरी एक नंबरचे सिगार सुखरूप बाहेर काढले, मग दोन नंबरच्या पेटीत गोळ्यांचा चुरा घातला आणि उरलेल्या गोळ्या चादरींमागे ठेवल्या. हा बघा चुरा, दोन नंबरच्या पेटीच्या तळाच्या कागदाखाली. सीतारामला एकच पेटी वाचवायचं कारण नाही. रुचिर आणि आसावरी सहाच्या लोकलने गेले. आणि आज सकाळी एक नंबरचे सिगार आमच्यापुढे पेटीतून आलेच नाहीत. ताटलीतून आले."

ताटली कुणी आणली हे मला सांगावं लागलं नाही. धम्मदीप, आसावरी आणि रुचिर, तिघांच्या माना एकदमच वळल्या.

"शार्दूलदादा?" रुचिर म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "माझ्या सिगारसाठी?"

"काका, हा सगळा मूर्खपणा आहे!" शार्दूल ओरडला. "वासावरून? एका वासावरून तुम्ही माझ्यावर... आणि धुरी दिली हे कोण सांगतंय? या दोघांना घर वाचवायचंय, ते काहीही सांगतील! सीतारामने स्वतः कबूल केलंय. विचार त्याला, आई! पेटी रिकामी होती का विचार!"

वहिनी काठीवर जोर देऊन उठल्या आणि खांबापाशी गेल्या.

"सीताराम, माझ्याकडे बघ. काल तू झाकण उघडलंस तेव्हा पेटी रिकामी होती का?"

सीतारामने अंबूबाईकडे पाहिलं, मग वहिनींकडे. मला वाटलं आता बोलेल. माणूस स्वतःच्या घरासाठी एक शब्द तरी खरा बोलेलच की.

"न्हाई, बाई," तो म्हणाला. "भरलेली व्हती."

शार्दूलने सुटकेचा श्वास सोडला. सगळ्यांना तो ऐकू आला.

वहिनी मात्र सीतारामकडेच बघत राहिल्या. "बावीस वर्षांत माझ्याशी पहिल्यांदा खोटं बोललास," त्या म्हणाल्या. "आणि तेही माझ्या पोरासाठी."

मग त्या वळल्या. मला वाटलं त्या ओरडतील, रडतील. त्यांनी शार्दूलच्या तोंडाकडे नीट पाहिलं, आणि त्याला ते सोसलं नाही. तो फरशीकडे बघायला लागला. त्याची कबुली तीच होती.

"आई, मी तुझ्याच भल्यासाठी... या एवढ्या मोठ्या जागेचं तू एकटी काय करणार होतीस?"

"राहणार," वहिनी म्हणाल्या. "गाडीतून माझी बॅग काढ. औषधांचा डबा मागच्या सीटवर आहे, तोही आण. मी पुण्याला येत नाही. आता माझं घर हेच."

"इथे? या पावसात? तुला दम लागतो, आई!"

"ज्याला माझ्या दम्याची काळजी आहे तो इथे राहतो."

शार्दूल छत्री न घेता पावसात गाडीकडे गेला, बॅग आणि डबा आणून पायरीवर ठेवला आणि कुणाकडेही न बघता निघून गेला. गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत वहिनी ताठ उभ्या होत्या. मग मात्र अंबूबाईने पुढे होऊन त्यांना धरलं. दोघी पायरीवरच बसल्या आणि वहिनी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून मोठ्याने रडल्या.

धम्मदीपने आसावरीला पुढच्या रविवारी नवे सिगार घेऊन हॉटेलवर यायला सांगितलं आणि रुचिरलाही तेच सांगितलं. रुचिर म्हणाला, यायचं की नाही ते ठरवायला त्याला वेळ हवा. खरं सांगू? त्याचा सिगार फार चांगला होता. सरळ मार्गाने गेला असता तरी कदाचित जिंकला असता, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

सीताराम टेम्पोवर चढून ट्रंक खाली घेत होता. म्हातारा एकटाच ओढत होता, म्हणून मी दुसरी कडी धरायला गेलो.

"तुमी नका उचलू, साहेब. तुमचं काळीज कापलेलं हाय."

"गप्प बस," मी म्हटलं. "खोटारडा कुठला."

पायरीवर अंबूबाई वहिनींचं तोंड पदराने पुसत होती. "रातच्याला भाकरी करू का मऊ भात, बाई?" तिने विचारलं.

"तुम्ही काय खाणार आहात?" वहिनी म्हणाल्या.

"आमचं काय, नाचनीची भाकर अन् कोरड्यास."

"मग तेच कर," वहिनी म्हणाल्या. "एक भाकरी जास्त टाक."